संगणकाची कार्यप्रणाली कशी निवडावी?

(ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



कार्यालयात नवा संगणक यावयाचा असला, की त्याची किंमत, पडदा व हमीची मुदत यांची चौकशी आपण बारकाईने करतो. परंतु या यंत्राला कामास लावणारी जी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजेच कार्यप्रणाली, तिची निवड विक्रेत्यावर सोपवितो. हा विषय तंत्रज्ञांचा, असा आपला समज असतो. वास्तविक बियाणे निवडण्यास शेतकऱ्याला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही; आपली जमीन, पाणी आणि गरज यांची जाण पुरते. येथेही तसेच आहे.

हा प्रश्न आज निकडीचा झाला आहे. मायक्रोसॉफ्टने विंडोज 10 चा सर्वसाधारण आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबविला. संगणक त्यानंतरही चालतो. परंतु मुदतवाढीच्या योजनेत नोंद केल्याखेरीज सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सुविधा व ठराविक प्रोसेसर लागतात. अनेक जुन्या संगणकांत ते नाहीत. मग सुस्थितीतील यंत्रे अडगळीत टाकावयाची काय? निधी जनतेचा आहे, आणि संगणकातील नोंदीही जनतेच्याच आहेत. दोहोंची काळजी घेणे आपले कर्तव्य आहे.

दुसरा मार्ग लिनक्सचा. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये तिचा गाभा रचला. तिच्या बहुतेक आवृत्त्यांना परवाना शुल्क नाही. सी-डॅक या आपल्या शासकीय संस्थेने त्याच पायावर 'बॉस' ही भारतीय भाषांना अनुकूल प्रणाली तयार केली. केरळातील शासकीय शाळांत अशा मुक्त प्रणालीवर वर्षानुवर्षे अध्यापन चालते.

तथापि, केवळ फुकट म्हणून काही स्वीकारू नये. प्रथम आपल्या कामांची यादी करावी. ई-ग्रामस्वराजवरील देयकांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लागते. ते टोकन व छपाईयंत्र नव्या प्रणालीत चालते का, हे प्रत्यक्ष पाहावे. चालत नसेल, तर त्या कामाच्या संगणकावर आधार चालू असलेली विंडोजच ठेवणे शहाणपणाचे. शाळेतील पत्रे, गुणपत्रके व वाचन यांना मात्र लिनक्स आणि लिब्रेऑफिस सहसा पुरेसे होते. युनिकोड मराठी दोन्हीकडे लिहिता येते. जुन्या फॉन्टमधील मजकूर तेवढा रूपांतरित करून घ्यावा. बिघाड झाल्यास तालुक्यात दुरुस्त करणारा कोण, हेही आधीच विचारावे.

लिनक्सच्या अनेक आवृत्त्या पेन ड्राइव्हवरून, संगणकातील मजकुरास धक्का न लावता, चालवून पाहता येतात. चार दिवस तसे काम करावे, सहकाऱ्यांचे मत घ्यावे, आणि कायम बदल करण्यापूर्वी सर्व नोंदींची प्रत दुसरीकडे सुरक्षित ठेवावी.

आपले काम काय, हे आपल्याइतके कोणासही ठाऊक नाही. म्हणूनच ही निवड आपण स्वतः, पारखून करावी, एवढीच विनंती.