संशोधनाची खतावणी
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील व्याख्यानाचे शब्दांकन)



थोड्याच वेळापूर्वी येथे विद्यार्थ्यांचा सत्कार झाला. प्रत्येकाच्या नावापुढे टक्केवारी वाचली गेली आणि आपण टाळ्यांनी कौतुक केले. तेव्हा मनात आले, ज्यांच्या परीक्षा केव्हाच संपल्या त्या शास्त्रज्ञांचे मोल जग कशावर ठरवते? त्याचे उत्तर एका कर्करोग-संशोधकाच्या जीवनकार्यातून मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

डॉ. बर्ट व्होगेलस्टाइन यांचा जन्म 1949 साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाला. प्रथम गणिताचे शिक्षण घेऊन ते जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकाकडे वळले आणि 1974 साली डॉक्टर झाले. बालरोग विभागात उमेदवारी करीत असताना रक्ताचा कर्करोग झालेली चार वर्षांची एक मुलगी त्यांच्याकडे आली. आपल्या मुलीला हा रोग का व्हावा, असे तिच्या पित्याने विचारले. तरुण डॉक्टरांपाशी उत्तर नव्हते. त्या काळी ते कोणापाशीच नव्हते. त्या एका 'का'ने त्यांना प्रयोगशाळेत नेले.

अभ्यासासाठी त्यांनी मोठ्या आतड्याचा कर्करोग निवडला. येथे रोगाच्या सर्व पायऱ्या पाहावयास मिळतात: आधी अस्तरावर लहानसा मांसल उंचवटा, ज्यास डॉक्टर पॉलिप म्हणतात, मग त्याची वाढ आणि अखेरीस कर्करोग. 1988 ते 1991 या काळात त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की या प्रवासात एकामागून एक जनुके बिघडत जातात. बहुधा प्रथम एपीसी, मग रास, पुढे पी-53. या पी-53 चा शोध 1979 साली लागला होता आणि ते कर्करोग घडविणारे जनुक मानले जात होते. 1989 साली व्होगेलस्टाइन यांच्या आणि आर्नल्ड लेव्हिन यांच्या प्रयोगशाळांनी दाखविले, की निरोगी पी-53 उलट कर्करोगाला आवर घालते. मानवी कर्करोगांपैकी सुमारे निम्म्यांत ते बिघडलेले आढळते.

आता मोजमापाकडे वळू. आपल्यापैकी अनेकांचा पिढीजात व्यवसाय व्यापाराचा. कीर्द तारीखवार लिहितात आणि खतावणीत त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर जातात, हे आपणांस सांगावयास नको. शास्त्रीय निबंध कीर्दीप्रमाणे तारखेने प्रसिद्ध होतात. प्रत्येक निबंधाच्या अखेरीस पूर्वसूरींचे उल्लेख असतात. युजीन गारफिल्ड यांनी 1964 साली त्यांची जणू खतावणीच घातली: कोणाच्या निबंधाचा उल्लेख कोणी कोणी केला, याची सूची. या खतावणीत व्होगेलस्टाइन यांच्या खात्यावर लक्षावधी उल्लेख जमा आहेत. जगातील सर्वाधिक उल्लेखिल्या जाणाऱ्या शास्त्रज्ञांत त्यांची गणना होते.

परंतु नुसत्या बेरजेवरून मालाची पारख होत नाही. 1983 साली त्यांनी व अँड्र्यू फाइनबर्ग यांनी डीएनएला किरणोत्सारी खूण करण्याची एक सोपी रीत प्रसिद्ध केली. जगभरच्या प्रयोगशाळांनी ती उचलली आणि तो निबंध हजारो वेळा उल्लेखिला गेला. कर्करोगाचे कोडे त्याने उलगडले नव्हते; त्याने हत्यार दिले होते. शिवाय चुकीच्या निबंधाचाही उल्लेख होतो, तो खोडून काढण्यासाठी! म्हणूनच 2013 साली अनेक शास्त्रज्ञांनी व संस्थांनी सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याद्वारे आवाहन केले, की संशोधकाची किंमत नियतकालिकाच्या आकड्यावरून न ठरविता त्याचे काम वाचून ठरवावी.

मग खरी जमा कोणती? पॉलिपपासून कर्करोग होण्यास बहुधा दशके लागतात, म्हणजे रोखण्यास अवधी मिळतो. वेळीच पॉलिप काढला तर त्यातून पुढे होऊ शकणारा कर्करोग टळतो. 1992 साली त्यांच्या गटाने आतड्याच्या गाठींतील बिघडलेले रास जनुक रुग्णांच्या मलातही सापडते, हे दाखविले. मलातील डीएनए तपासणारी चाचणी 2014 साली अमेरिकेत मान्य झाली. येथे एक विनंती करतो. शौचावाटे रक्त जात असेल, तर मूळव्याध समजून ते अंगावर काढू नका. संकोच सोडून वैद्यकीय सल्ला घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, आज मिळालेल्या टक्क्यांचा आनंद अवश्य माना. पण घरी गेल्यावर स्वतःस विचारा, की माझा 'का' कोणता? आणि पालकहो, तो प्रश्न मुलाने विचारला तर गुणपत्रिकेइतक्याच कौतुकाने ऐकून घ्या. त्या पित्याचा प्रश्न कोणत्याही सूचीत नोंदलेला नाही. तरीही हे सारे खाते त्याच्याच नावाने उघडले गेले आहे.