वकिलाचा वाटा



अमेरिकेतील वकील रॉन मोटली २०१३ मध्ये निवर्तले. पेट्रोलपंप चालविणाऱ्याचा हा मुलगा १९७० च्या दशकात ॲस्बेस्टॉसच्या धुळीने फुफ्फुसे निकामी झालेल्या कामगारांचे दावे लढवू लागला. कारखानदार म्हणत, धोका आम्हांस ठाऊकच नव्हता. मोटली यांनी न्यायालयापुढे मालकांचीच १९३० च्या दशकातील पत्रे ठेवली. धोक्याची वाच्यता होऊ नये, हीच त्यांतील चिंता होती.

पुढे राज्य सरकारांच्या वतीने ते सिगारेट कंपन्यांविरुद्ध उभे राहिले. १९९८ च्या तडजोडीत कंपन्यांनी ४६ राज्यांना २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर देण्याचे मान्य केले आणि लागलीच सिगारेटचे भाव वाढविले. म्हणजे दंड भरला तो व्यसनात अडकलेल्या गिऱ्हाइकाने!

अशा दाव्यांत कामगार आधी फी देत नाही. जिंकल्यास वकील भरपाईत वाटा घेतो. मोटली त्यातून गडगंज झाले. त्याचे मला वैषम्य नाही. निर्धनासाठी वर्षानुवर्षे जुने कागद उपसणार दुसरे होते कोण? खटकते ते निराळेच. हा वाटा मोठा होतो तो पीडित हजारोंनी असतील तेव्हा. ज्या कारखान्यात खोकणारे दहाच आहेत, तेथे असा वकील फिरकत नाही. तेथील कागद युनियनलाच मागावे लागतात.