मते मागता येतात, विश्वास मिळवावा लागतो



महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली लिहिलेला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. त्या मुक्तिलढ्याच्या वेळी अध्यक्ष असलेले अब्राहम लिंकन रिपब्लिकन पक्षाचे होते. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डू बॉइस यांना पत्र लिहिले. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिचे नावही अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून आले. म्हणून ज्या पक्षाच्या राजवटीत बेड्या तुटल्या, त्याच पक्षाकडे कृष्णवर्णीयांनी पाठ का फिरवली, हा प्रश्न आम्हाला परका वाटत नाही.

१८५४ साली स्थापन झालेल्या या पक्षाचे आरंभीचे कार्य थोर आहे. १८६५ ते १८७० या काळात तीन घटनादुरुस्त्या होऊन गुलामगिरी संपली आणि नागरिकत्व व मताधिकार मिळाला. १८७० साली सिनेटमध्ये पोहोचलेले पहिले कृष्णवर्णीय सभासद हायरम रेव्हल्स हे याच पक्षाचे. पण १८७७ साली अध्यक्षपदाच्या वादात तडजोड झाली, दक्षिणेतील केंद्रीय सैन्य बाजूला झाले आणि तेथील मताधिकार हळूहळू कागदावरच उरला. ज्यांना हक्क दिले, त्यांना पक्षाने वाऱ्यावर सोडले.

मंदीच्या काळात, १९३६ साली, बहुसंख्य कृष्णवर्णीय मतदार रूझवेल्ट यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे वळले. तरीही १९६० साली रिपब्लिकन निक्सन यांना त्यांची सुमारे एकतृतीयांश मते मिळाली होती. मग १९६४ साल उजाडले. नागरी हक्क कायद्याच्या बाजूने सिनेटमधील ३३ पैकी २७ रिपब्लिकन सभासदांनी मत दिले. परंतु पक्षाने अध्यक्षपदाची उमेदवारी दिली ती विरोधात मत देणाऱ्या बॅरी गोल्डवॉटर यांना. कृष्णवर्णीयांची मते शेकडा सहाच्या आसपास घसरली. सत्तावीस जणांचे पुण्य एका उमेदवारीत वाहून गेले. त्यानंतर दक्षिणेतील नाराज गोऱ्यांना जवळ करण्याचे धोरण पक्षाने चालविले.

या धोरणाची कबुलीही पुढे आली. २००५ साली पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष केन मेहलमन यांनी कृष्णवर्णीयांच्या एनएएसीपी या जुन्या संघटनेच्या अधिवेशनात, वांशिक दुहीचा राजकीय फायदा घेणे चूक होते, असे सांगितले. २०१२ च्या पराभवानंतर मार्च २०१३ मध्ये पक्षाने सुमारे शंभर पानांचा अहवाल काढला. अल्पसंख्याकांकडे निवडणुकीपुरते जाऊ नका, त्यांच्यात मिसळा, असा त्याचा सूर होता. एप्रिलमध्ये सिनेटर रँड पॉल हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात गेले. एनएएसीपीचे संस्थापक रिपब्लिकन होते हे तुम्हाला ठाऊक आहे का, असे त्यांनी विचारले. ठाऊक आहे, असे विद्यार्थ्यांनी तिथल्या तिथे सुनावले! त्यांना आजोबांच्या काळाची कथा नको होती. आजचा हिशेब हवा होता.

आणि तो हिशेब लवकरच दिसला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या रिपब्लिकन राज्यकर्त्यांनी मतदानासाठी फोटो ओळखपत्राची सक्ती केली आणि आगाऊ मतदानाचे दिवस कमी केले. २०१६ साली केंद्रीय अपील न्यायालयाने हा कायदा कृष्णवर्णीय मतदारांना नेमके हेरून केल्याचे सांगून तो रद्द केला. मार्चमध्ये हात जोडायचे आणि ऑगस्टमध्ये दार लोटायचे, याला जवळीक कोण म्हणेल? आम्ही बँकेत काम करणारी माणसे. खातेदाराचा विश्वास भिंतीवरच्या जाहिरातीवर बसत नाही. तो पासबुकातील नोंदीवर बसतो.

मात्र दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मतदानोत्तर पाहण्यांनुसार २०१२ साली या पक्षाला कृष्णवर्णीयांची शेकडा ६ मते होती. २०२४ साली ती १३ च्या आसपास गेली. लॅटिन अमेरिकी वंशाच्या मतदारांत हा आकडा २७ वरून ४६ च्या आसपास पोहोचला. महागाई आणि रोजगार हे प्रश्न त्यांनाही इतरांइतकेच भेडसावतात. ही मते आपलीच, असे गृहीत धरणाऱ्या डेमोक्रॅटिक पक्षालाही हा धडाच होता. कोणताही समाज कोणत्याही पक्षाच्या सातबाऱ्यावर लिहिलेला नसतो. पण एका निवडणुकीत वाढलेली मते म्हणजे मिळालेला विश्वास, असेही समजू नये. मते भावावर हलतात, विश्वास वागणुकीवर ठरतो.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या दारी येणारा पक्ष कोणताही असो, त्याचे पूर्वज कोण हे जरूर ऐका. पण नंतर तीन गोष्टी विचारा. गेल्या पाच वर्षांत सभागृहात आमच्या प्रश्नावर तुम्ही कोणत्या बाजूला हात वर केला? आमच्यातील माणसाला निवडून येण्याजोगी जागा दिली का? आणि निवडणूक नसताना आमच्या वस्तीत कधी आलात? या तिन्हींची उत्तरे शोधायला वर्तमानपत्रे आणि वाचनालये आपल्याला खुली आहेत. बाबासाहेबांनी झगडून मिळवून दिलेल्या मताची किंमत, ही उत्तरे तपासणारा मतदारच राखू शकतो.

जय भीम!