गच्चीवरचे ऊन आणि घरातला अंधार



केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना जाहीर केली. तीन किलोवॅटच्या संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले आणि गच्च्यागच्च्यांवर सोलर पॅनेल दिसू लागली. परंतु भर दुपारी बाहेरची लाईन गेली की या घरांतलेही पंखे थांबतात. वर ऊन रणरणते आहे, मग खाली पंखा का थांबावा, असा प्रश्न गृहस्थाला पडतो.

भजनात टाळ मृदंगाच्या ठेक्याने चालतात, त्याप्रमाणे सोलरचा साधा इन्व्हर्टर बाहेरच्या लाईनच्या ठेक्याने चालतो. तो ठेका बंद झाला की त्याने थांबावे, अशी योजना मुद्दामच केलेली आहे. लाईन गेली म्हणजे कोणी लाइनमन खांबावर चढलेला असू शकतो. आपल्या गच्चीवरची वीज उलट वाहू लागली, तर अकरा हजार व्होल्टचा दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर तोच दाब उलट चढवूही शकेल. आपला पंखा थांबतो तो त्या माणसाच्या जिवासाठी, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

यावर उपाय बॅटरीचा. परंतु नेहमीची इन्व्हर्टर-बॅटरी घरात आणून ठेवली, तर ती बाहेरच्या लाईनवर भरते. लाईन नसताना पॅनेल रिकामीच राहतात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी एकदा रिकामी झालेली बॅटरी पुन्हा भरणार कोण? सूर्यच! म्हणून पॅनेल आणि बॅटरी यांची सांगड घातली पाहिजे.

तिचे मार्ग दोन. जुना इन्व्हर्टर थकला असेल, तर त्याच्या जागी बॅटरी सांभाळणारा हायब्रीड इन्व्हर्टर बसवावा. तो धडधाकट असेल, तर त्याला जुळणारा बॅटरीचा दुसरा इन्व्हर्टर जोडावा. हा दुसरा आधी घर बाहेरच्या लाईनपासून तोडतो, मग स्वतः ठेका धरतो. त्यावर सोलरचा इन्व्हर्टर पुन्हा चालू होतो. बॅटरी भरली की तो ठेका किंचित जलद करतो आणि पॅनेलचा जोर आवरतो.

आता हिशेब. दोन पंख्यांचे १५० वॅट, चार दिव्यांचे ४० आणि किरकोळ १०, मिळून २०० वॅट. पाच तासांत एक युनिट झाले. बारा व्होल्टची १५० अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १.८ युनिट देते. पण साधी शिशाची बॅटरी टिकवायची, तर निम्म्यावर थांबावे लागते. लिथियमची महाग, परंतु तिच्यातले बरेच अधिक वापरता येते. दोन हजार वॅटचा गीझर मात्र तेच युनिट अर्ध्या तासात गिळील! म्हणून निकडीच्या वस्तूंचे वायरिंग वेगळे काढावे.

आणखी एक गोष्ट. नेट मीटर असलेल्या घरी दिवसाची जादा वीज लाईनवर जाऊन बिलात वजा होतेच. तेथे बिल घटेल या आशेने बॅटरी घेऊ नये. अंधार टाळण्यासाठी घ्यावी.

हे काम परवानाधारक माणसाकडूनच करवावे आणि वीज कंपनीला कळवावे. इन्व्हर्टरची वायर प्लगात खुपसून घर उजळण्याची युक्ती कोणी सुचवील, ती कटाक्षाने टाळावी. आपल्या घरी दिवा लागावा. पण खांबावरच्या माणसाच्या घरचा विझू नये, इतकेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.