किल्ली परक्याच्या हाती



गावाला जाताना घराची किल्ली शेजारी ठेवण्याची आपली जुनी रीत आहे. ‘तुळशीला पाणी घाला, तिन्हीसांजेला दिवा लावा,’ एवढे सांगितले की माणूस निर्धास्तपणे एस.टी.त जाऊन बसतो. आज सांगणार आहे ती गोष्ट याच्या एक पाऊल पुढची. किल्ली द्यायची ती समुद्रापलीकडच्या माणसाला. त्याने आपल्या घरी येऊन राहायचे आणि आपण त्याच्या घरी. भाडे कोणी कोणाला द्यायचे नाही.

ही कल्पना मास्तर लोकांच्या डोक्यातून निघाली. ऐकणाऱ्यांत शिक्षकबंधुभगिनी पुष्कळ असतील, म्हणून हे मुद्दाम सांगतो. सुटी लांबलचक आणि पगार बेताचा, ही स्थिती युरोपातही निराळी नव्हती. १९५३ साली तिकडच्या काही शिक्षकांनी मिळून इंटरव्हॅक नावाची संघटना काढली. हॉटेल परवडत नाही, पण घर तर आहे आणि सुटीत ते रिकामेच पडते. मग एकमेकांचे वापरू या, असा साधा हिशेब. सभासदांच्या घरांची छापील यादी निघे, ती पाहून पत्रापत्री होई. आता ती यादी संगणकावर असते.

आम्ही उभयता निवृत्त शिक्षक. घर वाईला, कृष्णेपासून हाकेच्या अंतरावर. २०१८ साली नेदरलँड्समधील लायडन गावच्या एका शिक्षक दांपत्याशी आमचे जुळले. जुलै-ऑगस्टचे पाच आठवडे ठरले. आई तेवढे दिवस धाकट्या भावाकडे साताऱ्याला जाणार होती. सगळे ऐकून घेऊन ती म्हणाली, “अरे, घर दे रे खुशाल. पण माझ्या स्वयंपाकघरात ती माणसं काय शिजवतील?”

आता हे परक्या माणसाला कसे लिहावे? आठवडाभर मी पत्रच लिहिले नाही. बेतच मोडावा असेही मनात आले. शेवटी सरळ लिहून टाकले की आमच्या घरात मांसमच्छी शिजत नाही, वृद्ध आईच्या मनाचा प्रश्न आहे. तिसऱ्या दिवशी उत्तर आले. ‘अवश्य पाळू. आमचीही एक विनंती आहे. आमचे मांजर घरीच राहील. त्याला दोन वेळा डब्यातले खाणे घालावे.’

डब्यात काय असते ते मी विचारले. मांस! सौभाग्यवतींनी कपाळावर हात मारला. आई मात्र थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, “त्यांनी आपलं ऐकलं ना? मग आता तुम्ही त्यांचं ऐका.”

व्यवहाराचे थोडे सांगतो. घर भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती घ्यावी. परदेशी पाहुणा उतरला की चोवीस तासांत फॉर्म भरून सरकारला कळवावे लागते. हे घरमालकाचे काम आहे. तिकडे जाताना शेंगेन व्हिसा लागतो, त्यावर १८० दिवसांत ९० दिवसांपलीकडे राहता येत नाही. कुठे उतरणार याचा लेखी पुरावा आणि निदान ३०,००० युरोंचा आजारपणाचा विमा हवा. विमानाचे भाडे तर आहेच. म्हणजे फुकटात काही होत नाही; हॉटेलचा खर्च तेवढा वाचतो.

सगळ्यांत महत्त्वाची म्हणजे सूचनांची वही. नळाला पाणी कधी येते, मोटर कशी चालू करायची, गॅसची टाकी कशी बदलायची, हे आम्ही लिहून ठेवले. लिहिताना कळले, आपल्या घरात किती गोष्टी आपल्यालाच ठाऊक असतात!

लायडनच्या त्या घराचा जिना म्हणजे गडाचीच चढण. खिडक्या भल्या मोठ्या, रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले माणूस दिसावे अशा. आम्ही त्यांच्या सायकली घेऊन बाजारहाट करीत असू. मांजराचे काम माझ्याकडे होते. पाचव्या दिवशी मी पावसात अडकलो, यायला उशीर झाला. येऊन पाहतो तो बशी चाटूनपुसून साफ! सौभाग्यवती म्हणाल्या, “भुकेनं ओरडत होतं. तुमची वाट किती बघायची त्यानं?” पुढे ते काम त्यांनी माझ्याकडे परत दिले नाही.

परत आलो तेव्हा वहीत पाहुण्यांच्या अक्षरात दोन ओळींची भर होती. मोरीचा नळ गळत होता, वायसर बदलला आहे. शेजारच्या काकूंकडून भाकरी थापायला शिकलो, अजून गोल होत नाही.

आई साताऱ्याहून आली ती थेट स्वयंपाकघरात गेली. एकेक डबा उघडून पाहिला. मी दारात उभा. “चहाचा डबा डावीकडं ठेवलाय त्यांनी,” ती म्हणाली. मी उचलायला गेलो, तर म्हणाली, “राहू दे. तिथं हाताला लागतो.”