निवडणुकीपुरती बदली निवडणुकीपुरतीच राहावी



सेवाविषयक प्रकरणे चालवणाऱ्या वकिलांच्या या परिषदेचे अध्यक्षपद तुम्ही मला दिलेत, याबद्दल मी ऋणी आहे. वर्षभराच्या निकालांचा आढावा इतर वक्ते घेतीलच. मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. निवडणूक आली की महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, पोलीस निरीक्षक, सहायक निरीक्षक आणि उपनिरीक्षकांचे मूळ अर्ज येऊ लागतात, आणि मागणी एकच असते: मुदतपूर्व बदली रद्द करा.

तक्रारीचे मूळ दोन वेगवेगळ्या मुदतींमध्ये आहे. प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना राजकीय दबावापासून संरक्षण देणारे निर्देश दिले. त्यानंतर २०१४ मध्ये महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम २२न आले. त्यानुसार निरीक्षकाला मुंबई आयुक्तालयात साधारणपणे आठ वर्षे, इतर आयुक्तालयांत सहा आणि जिल्ह्यात चार वर्षे मिळतात. निवडणूक आयोगाचे धोरण मात्र वेगळेच विचारते. हा अधिकाऱ्याचा स्वतःचा जिल्हा आहे का? गेल्या चार वर्षांत त्याची तीन वर्षे इथेच गेली का? उत्तर ‘हो’ असेल, तर त्याला हलवा. म्हणजे मुंबईत ज्याची कायद्याने निम्मी मुदतही संपलेली नाही, तो आयोगाच्या हिशेबात जुना झालेला असतो.

आयोगाचा हेतू मला मान्य आहे आणि तो मी हलका लेखत नाही. मतदानाआधीच्या आठवड्यांत ठाणेदाराच्या हाती मोठी सत्ता असते. तडीपारीचे प्रस्ताव तो पाठवतो, प्रतिबंधात्मक कारवाई कोणावर करायची ते ठरवतो, परवान्याची शस्त्रे जमा करून घेतो. त्याचे एखाद्या पुढाऱ्याशी वर्षानुवर्षांचे सख्य असेल, तर त्याची किंमत मतदार मोजतो. म्हणून मतदानाच्या तोंडावर अशा बदल्यांना सरसकट स्थगिती मागणे मला पटत नाही.

पण आयोगाच्या अधिकाराला मर्यादा आहे, आणि ती आपल्याला १९७७ च्या मोहिंदरसिंग गिल निकालात सापडते. आयोगाची बाजू मांडणारे सगळे या निकालाचा आधार घेतात. आपण तो पूर्ण वाचावा. अनुच्छेद ३२४ ने आयोगाला व्यापक अधिकार दिले हे त्यात आहे. जिथे वैध कायदा आहे तिथे आयोगाने त्याच्याशी सुसंगत वागावे, हेही त्यातच आहे. शिवाय आदेशाची वैधता आदेशातल्या कारणांवरच तपासायची, मागाहून शपथपत्रात कारणे भरायची नाहीत, हे सेवा-कायद्यात आपण रोज वापरतो ते तत्त्वही याच निकालातले. ‘आयोगाच्या निर्देशानुसार’ एवढ्या दोन शब्दांवर उभा असलेला बदली आदेश या कसोटीला उतरतो का, हे प्रत्येक प्रकरणात विचारले पाहिजे.

आता लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम २८अ पाहा. निवडणुकीसाठी नेमलेले पोलीस अधिकारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जातात, पण अधिसूचनेपासून निकाल जाहीर होईपर्यंतच. बहुतेक बदल्या मात्र अधिसूचनेच्या कितीतरी आधी होतात. त्या वेळी आदेश काढते ते राज्य सरकार किंवा त्याच्या हाताखालचे सक्षम प्राधिकरण. मग मध्यावधी बदलीसाठी कलम २२न ने घातलेल्या अटी, म्हणजे अपवादात्मक परिस्थिती, लोकहित आणि प्रशासकीय निकड, तिथे लागू होतातच. बदल्या ठरवणाऱ्या पोलीस आस्थापना मंडळाची बैठक झाली का, इतिवृत्त कुठे आहे, नावे कशी निवडली, हे विचारण्याचा अधिकार अर्जदाराला आहे. नको असलेल्या अधिकाऱ्याला आयोगाच्या नावाखाली हलवण्याची सोय कुठल्याच सरकारला मिळता कामा नये.

आणि निवडणूक संपल्यावर काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर आयोगाने राज्याच्या पोलीस महासंचालक रश्मी शुक्ला यांना पदावरून हटवले. २३ नोव्हेंबरला निकाल लागले आणि काही दिवसांतच सरकारने त्यांना पुन्हा त्याच पदावर आणले. त्या निर्णयाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. पण महासंचालकपदाला लागू झालेला न्याय निरीक्षकाला का नको? त्याच्यावर ठपका नसतो, चौकशी नसते. तरी मुलांची शाळा आणि म्हाताऱ्या आईवडिलांचे औषधपाणी मागे ठेवून तो नव्या जिल्ह्यात हजर होतो. निकाल लागतात, आचारसंहिता उठते, आणि परत येण्यासाठी त्याला वकील शोधावा लागतो. कारण संपले तरी परिणाम चालू ठेवणे, ही दोष नसताना दिलेली शिक्षा आहे.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे. पुढच्या निवडणुकीत अर्ज लिहाल तेव्हा केवळ ‘आदेश रद्द करा’ एवढ्यावर थांबू नका. ही बदली निवडणुकीपुरती आहे असे आदेशातच नमूद करावे, आणि निकालानंतर ठरावीक मुदतीत अधिकाऱ्याला उरलेल्या कालावधीसाठी मूळ जागी आणावे, अशी पर्यायी मागणी प्रत्येक अर्जात घाला. सरकारी वकील मित्रांनाही माझे सांगणे आहे की, असा आदेश काढण्याचा सल्ला तुम्ही आधीच द्या. निम्मे अर्ज दाखलच होणार नाहीत.