साखरेच्या पोत्यातली बंदूक

आज जाऊया ऑस्ट्रेलियात, सिडनीच्या दक्षिणेला असलेल्या वुलनगाँग या गावी.

१९३९चा जुलै. एव्हलिन ओवेन नावाचा चोवीस वर्षांचा पोरगा घरी बनवलेली सबमशीनगन घेऊन सिडनीतल्या लष्करी अधिकाऱ्यांकडे गेला. खरं सांगायचं तर होतंच ते ओबडधोबड प्रकरण: २२ कॅलिबर आणि ट्रिगर चक्क अंगठ्याने दाबायचा. अधिकाऱ्यांनी त्याला परत पाठवलं. असलं हत्यार लष्कराला नकोच होतं.

पुढे युद्ध सुरू झालं. ओवेन साधा सैनिक म्हणून भरती झाला आणि १९४० मध्ये निघण्यापूर्वी ती बंदूक साखरेच्या पोत्यात घालून घराजवळ ठेवून गेला. ते पोतं सापडलं शेजारच्या व्हिन्सेंट वॉर्डेल यांना. आता योगायोग बघा, हे वॉर्डेल पोर्ट केम्बलाच्या लायसॅट या पत्र्याच्या कारखान्याचे मॅनेजर! त्यांना त्या वस्तूत दम दिसला. ओवेनला सैन्यातून मोकळं करून कारखान्यात आणलं गेलं.

पण लष्कर ब्रिटनच्या स्टेन गनची वाट बघत बसलेलं. कधी म्हणे या काडतुसावर करून दाखवा, कधी त्या. माझ्या मते खरी लढाई इथेच झाली, आणि ती लढला कारखाना. शेवटी सप्टेंबर १९४१ मध्ये तुलना झाली. थॉम्पसन, स्टेन आणि ओवेन, तिघींना चिखल-वाळूत घोळवलं. पहिल्या दोघी अडकल्या, ओवेन चालत राहिली.

का? तर मॅगझिन वरच्या बाजूला. गोळी खाली उतरायला वजनाचीच मदत, आणि रिकामी पुंगळी खालून बाहेर पडते, सोबत कचराही. दुसरं म्हणजे नळीच्या आत एक आडवी भिंत. बोल्ट पुढच्या कप्प्यात, आणि बंदूक ताणायच्या दांड्याची खाच मागच्या कप्प्यात. खाचेतून चिखल शिरला तरी बोल्टपर्यंत पोचतच नाही. तोटाही आहे हं: मॅगझिन डोळ्यासमोर येतं, म्हणून नेम धरायची माशी उजवीकडे सरकवावी लागली. दिसायला तर अगदीच बेढब.

न्यू गिनीच्या जंगलात, पाऊस आणि चिखलात, सैनिकांना हीच हवी होती. १९४४ पर्यंत सुमारे ४५,००० ओवेन तयार झाल्या. पुढे कोरियात आणि व्हिएतनाममध्येही ती दिसली.

ओवेनला पेटंट-रॉयल्टीपोटी सुमारे १०,००० पौंड मिळाले. त्यातून त्याने लाकडाची गिरणी टाकली. १९४९ मध्ये तो गेला, वय अवघं ३३.

साठच्या दशकात ओवेनच्या जागी ऑस्ट्रेलियाने एफ-१ ही नवी सबमशीनगन आणली. तिचं मॅगझिनही त्यांनी वरच ठेवलं.